मोठी गाडी जरूर घ्या, पण आधी वजनकाट्यावर जाऊन या

वाचकाचं पत्र

आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. चार वर्षांपूर्वी टाटा विंगरवर बांधलेली छोटी डिझेल कॅम्पर घेतली. तेव्हा आम्ही तिघंच होतो. आता मुलं दोन झाली, नऊ वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा, आणि सासू-सासरेही हौसेने बरोबर येतात. गाडीत झोपायची सोय चौघांची, माणसं सहा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं आणि गाडीत टॉयलेट नाही. म्हणून मोठी मोटरहोम घ्यायचं ठरतंय. मिस्टरांना नऊ मीटरच्या बसचेसिसवरची, म्हणजे बसच्या सांगाड्यावर बांधलेली, हवी आहे. मला फोर्स कंपनीच्या ट्रॅव्हलर किंवा अर्बेनिया व्हॅनएवढी पुरेशी वाटते. त्यातच एका गॅरेजवाल्याने सुचवलंय की जुनी स्कूलबस घ्या, दीड महिन्यात आतून सगळं करून देतो, निम्म्या पैशांत, आरसीला हातही लावावा लागणार नाही. रात्रभर एसी चालला पाहिजे अशी सगळ्यांची इच्छा आहे. गाडी उभी कुठे करायची हा प्रश्न वेगळाच. काय करावं?
– एक वाचक, ठाणे (प.)

उत्तर

नमस्कार.

आधी उत्तर, मग कारणं. सात मीटरच्या आसपासची, लांब व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) ट्रॅव्हलरवर किंवा अर्बेनियावर बांधलेली गाडी तुमच्या कुटुंबाला पुरेल. नऊ मीटरची बस तुमच्या कामाची नाही. आणि स्कूलबसवाल्याला आजच नाही म्हणून कळवा.

स्कूलबसचं आधी बोलू, कारण ती चूक नंतर सुधारता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या मूळ रचनेत मालकाला स्वतःच्या मर्जीने बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात हेच स्पष्ट केलं आहे. बेकायदा बदल केल्यास कलम १८२-अ खाली दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण दंडापेक्षा मोठी भीती विम्याची आहे. आरसीवर स्कूलबस आणि आत शेगडी, गॅस सिलिंडर, लिथियम बॅटरी असं असताना आग लागली किंवा कोणी जखमी झालं, तर विमा कंपनीचा सर्व्हेअर सगळ्यात आधी कागद आणि गाडी जुळतात का ते पाहणार. ‘आरसीला हात लावावा लागणार नाही’ हे वाक्य गॅरेजवाल्याने सोय म्हणून सांगितलं असेल, पण सगळी गोम तिथेच आहे.

मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं स्वतंत्र मानक आहे. रीतसर काम करणारा बिल्डर आपलं मॉडेल त्या मानकाप्रमाणे पुण्याच्या एआरएआय किंवा मानेसरच्या आयकॅटसारख्या चाचणी संस्थेकडून मंजूर करून घेतो. त्या प्रमाणपत्राची प्रत टोकन देण्याच्या आधी मागा. त्यातलं चेसिसचं मॉडेल, व्हीलबेस, बसायच्या सीटांची संख्या आणि झोपायच्या जागांची संख्या तुम्हाला दाखवलेल्या गाडीशी जुळवा. ट्रॅव्हलर एकाच नावाने वेगवेगळ्या व्हीलबेसमध्ये मिळते. ३३५० मिलिमीटर व्हीलबेसचं प्रमाणपत्र दाखवून ४०२० वर बांधून देणारा भेटला तर आरटीओ पासिंगच्या वेळी अडाल. त्याच बिल्डरची आधीची एखादी गाडी एमएच-०४ (ठाणे) किंवा एमएच-४३ (नवी मुंबई) ला पास झाली असेल, तर तिच्या आरसीची प्रत मालकाचं नाव-पत्ता झाकून मागायला हरकत नाही. वाहनाच्या वर्गापुढे तिथे काय लिहिलंय ते वाचा. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन वाहनांत मोडते, म्हणजे पाटी पांढरी. ती भाड्याने देता येत नाही. हप्ता भाड्यातून निघेल असा हिशेब घरात कोणी मांडत असेल, तर तो आत्ताच बाजूला ठेवा. भाड्यासाठी पिवळी पाटी लागते, मग परमिट आलं, आणि फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, त्यापुढे दर वर्षी.

आता मिस्टरांची नऊ मीटरची बस. गाडी आतून पाहिली की मन बसतं हे खरं, सोफा मोठा, बाथरूम मोठं. पण नऊ मीटरच्या बसचेसिसचं भरल्या गाडीचं मंजूर वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यू, सहसा ७,५०० किलोच्या वर जातं. तुमच्या दोघांच्या लायसन्सवर एलएमव्ही, म्हणजे हलकं मोटार वाहन, असेल तर तुमची हद्द ७,५०० किलोपर्यंत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचं परिवहन वाहनही चालवता येतं असा निकाल दिला, पण ती हद्द काही वाढलेली नाही. त्यापुढे जड वाहनाचं लायसन्स किंवा पगारी ड्रायव्हर. ड्रायव्हर आला की त्याच्या झोपण्या-जेवणाची सोय आली आणि सहाचे सात झाले.

शिवाय तुम्ही जाणार कुठे, तर बहुतेक कोकणात. मोठी गाडी हायवेवर कुठे अडत नाही, अडते ती शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये. गावातल्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे, वर आंब्याची फांदी, त्याखाली विजेची लोंबती तार, आणि समोरून एसटी. छतावर एसी आणि सोलर पॅनेल चढले की सात मीटरची गाडीसुद्धा तीन मीटर उंचीच्या जवळ जाते. आपल्या गाडीची नेमकी उंची टेपने मोजून, सेंटिमीटरमध्ये, डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा. दुसरी अडचण फेरीबोटींची. दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, आगरदांडा–दिघी या बोटी गाड्या नेतात, पण ओहोटीला रॅम्पचा उतार चांगलाच तीव्र होतो. मागच्या चाकांच्या मागे गाडीचा जो भाग बाहेर येतो, त्याला आपले लोक शेपटी म्हणतात. शेपटी जितकी लांब, तितकी ती रॅम्पला घासते, आणि नेमकी तिथेच बऱ्याच बिल्डरांनी सांडपाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तो तुटला की बोटीवर काय होईल ते सांगायला नको. लांब शेपटीच्या गाडीने भरतीच्या आसपासची फेरी पकडावी आणि बोटीवर चढताना एकाने खाली उतरून मागून पाहत राहावं.

आता मुख्य मुद्दा. मोठी गाडी घेणारे बेड मोजतात, किती जण झोपतील, टीव्ही कुठे. मोजायचं असतं वजन. गाडीचं जीव्हीडब्ल्यू आरसीवर लिहिलेलं असतं. त्यातून बांधून तयार झालेल्या, टाकीभर डिझेल असलेल्या रिकाम्या गाडीचं काट्यावरचं वजन वजा केलं की जे उरतं, तेवढीच तुमची माणसं, पाणी आणि सामान. प्लायवूडची कपाटं, ग्रॅनाइटचा ओटा, दोन-दोन एसी, लोखंडी अँगलची चौकट, हे सगळं त्या उरलेल्या वजनातूनच कापलं जातं. म्हणून आतून जितकी देखणी गाडी, तितकी ती आधीच भरलेली असण्याची शक्यता जास्त.

एक हिशेब मांडून पाहू. समजा जीव्हीडब्ल्यू ४,६०० किलो आहे आणि बांधलेली रिकामी गाडी काट्यावर ३,९०० भरली. उरले ७००. चार मोठी माणसं साधारण २७५, दोन मुलं ५५, झाले ३३०. पाणी १८० लिटर म्हणजे १८० किलो, एकूण ५१०. सहा जणांच्या बॅगा प्रत्येकी १२ धरल्या तर ७२, एकूण ५८२. भांडीकुंडी, शिधा, गॅस ५०. खुर्च्या, टेबल, छत्री, मुलांची खेळणी, चपला-बूट मिळून ४५. बेरीज ६७७. हातात उरले २३ किलो. परतताना मुलांच्या मामाने आंब्याच्या दोन पेट्या दिल्या की तेही संपले. यात सांडपाणी वेगळं धरलेलं नाही, कारण स्वच्छ टाकीतलंच पाणी वापरून खालच्या टाकीत जातं, वजन तेवढंच राहतं. पण टॉयलेटची कॅसेट (मैल्याची काढता येणारी छोटी टाकी) आणि वाटेत भरलेलं पाणी याने थोडंफार वाढतंच. म्हणून बिल्डरशी करार करताना एकच आकडा लिहून घ्या: ताबा देताना रिकाम्या गाडीचं वजन अमुक किलोपेक्षा जास्त असणार नाही, आणि काट्याची पावती सोबत मिळेल. जीव्हीडब्ल्यूच्या खाली किमान ८०० किलो मोकळे हवेत असं ठामपणे सांगा. जो बिल्डर हा आकडा लिहून द्यायला टाळतो, त्याने आपली गाडी कधी काट्यावर चढवलीच नसावी.

एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा अॅक्सल (दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा दांडा) जास्त भरलेला असू शकतो. ४०२० मिलिमीटर व्हीलबेसच्या गाडीत मागच्या अॅक्सलच्या दीड मीटर मागे १०० किलो ठेवले, तर तरफेच्या नियमाने मागच्या अॅक्सलवर १३७ किलो वाढतात आणि पुढचे ३७ किलो कमी होतात. पाण्याची टाकी, बॅटरी, स्टेपनी आणि सायकली असं सगळं शेपटीत टाकलं की घाटात स्टिअरिंग हलकं वाटायला लागतं, ओल्या रस्त्यावर पुढची चाकं नीट धरत नाहीत आणि मागचे टायर गरम होऊन फाटतात. टाकी आणि बॅटरी दोन्ही अॅक्सलच्या मध्ये, फरशीखाली हव्यात. टायरची हवाही अॅक्सलच्या वजनावरून ठरवायची. रिकाम्या ट्रॅव्हलरच्या अंदाजाने हवा भरून भरलेली गाडी पळवणं हे टायर फुटण्याचं सगळ्यात साधं कारण.

म्हणून नवी गाडी पाहायला जाण्याआधी एक काम करा. आत्ताची विंगर, टाकीभर डिझेल आणि पाणी घेऊन, सहाही जणांसकट आणि नेहमीच्या सगळ्या सामानासकट, कळंबोलीच्या स्टील मार्केटमधल्या किंवा वाशीच्या एपीएमसी भागातल्या वजनकाट्यावर न्या. सकाळी लवकर जा, नंतर ट्रकची रांग लागते. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. तीन पावत्या घ्या. मग सगळं उतरवून रिकाम्या गाडीचं वजन. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या कुटुंबाचं प्रवासाचं खरं वजन. नव्या गाडीसाठी त्यात टॉयलेट, जास्तीचं पाणी आणि मोठी बॅटरी मिळवा. विंगर पुढच्या चाकांवर ओढणारी गाडी आहे. मागे वजन वाढल्यावर पावसात चढाला तिची पुढची चाकं जागच्या जागी फिरत असतील, तर कारण हेच. ट्रॅव्हलर आणि अर्बेनिया मागच्या चाकांवर चालतात, तिथे हा त्रास कमी. आणि २.६ लिटर, ११५ अश्वशक्ती, ३५० न्यूटन-मीटरचं त्यांचं बीएस-६ इंजिन तुमच्या विंगरच्या २०० न्यूटन-मीटरपुढे घाटात बरंच दमदार वाटेल.

उतरताना मात्र इंजिनाच्या ताकदीचा उपयोग नाही. साडेचार टनांची गाडी माळशेज किंवा कसारा उतरताना ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची. ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही, वेग वाढला की एकदा ठाम दाबून सोडायचा. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागलं तर गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थांबा. चाकांवर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क किंवा ड्रम तडकतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि मग लवकर उकळतं. आपल्याकडच्या दमट हवेत ते दोन वर्षांनी बदलायलाच हवं, किलोमीटर कितीही कमी झालेले असोत.

डिझेलबद्दल आणखी एक. बीएस-६ गाडीत धुराची काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. ती काजळी जळायला गाडी वीस-तीस मिनिटं सलग हायवेच्या वेगाने चालावी लागते. एसीसाठी गाडी उभी करून तासन्‌तास इंजिन चालू ठेवणं, किंवा कासारवडवली ते माजिवडा एवढीच ये-जा करणं, यात डीपीएफ तुंबतो. दिवा लागला की दुर्लक्ष करू नका, त्याच दिवशी समृद्धीवर किंवा नाशिक हायवेला एक लांब फेरी मारा. दिवा लागलेला असताना गाडी तशीच वापरत राहिलं तर पुढे खर्च फार मोठा. गाडीत डीईएफची (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रावणाची) टाकी असेल, तर त्यात ३२.५ टक्के युरियाचं सीलबंद द्रावणच घाला आणि ती कॅन उन्हात साठवू नका. पावसाळ्यात डिझेल फिल्टरखालच्या वॉटर सेपरेटरमधलं पाणी काढायला मेस्त्रीला आठवणीने सांगा.

आता एसी. रात्रभर एसी चालतो, पण तो कशावर चालणार हे आधी ठरवावं लागतं. नीट इन्सुलेशन केलेल्या गाडीत एक टनाचा इन्व्हर्टर एसी सरासरी ७०० वॅट घेतो असं धरलं, तर आठ तासांचे ५.६ युनिट. फ्रिज, पंखे, दिवे, पंप, मोबाइल मिळून आणखी एक. म्हणजे साडेसहा युनिट. २५.६ व्होल्ट, ३०० अँपिअर-अवरची लिथियम फेरो-फॉस्फेट बॅटरी ७.७ युनिटची होते, त्यात हे कसंबसं बसतं. तिचं वजन ६५ ते ७५ किलो. हेच काम घरच्या इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-अवरच्या ट्युब्युलर बॅटऱ्यांवर करायचं तर सात-आठ लागतील, कारण त्या निम्म्यापेक्षा जास्त उतरवल्या की लवकर मरतात. प्रत्येकी ५० किलोच्या वर, म्हणजे एकूण साडेतीनशेहून जास्त. वर हिशेबात काढलेले ७०० किलो आठवा. निम्मे तिथेच गेले.

भरायचं कसं? छतावर ८०० वॅटचे पॅनेल बसले तर उन्हाळ्यात दिवसाला तीनेक युनिट, पावसाळ्यात त्याच्या निम्मेही नाहीत. चालत्या गाडीत डीसी-डीसी चार्जरने (इंजिनाच्या विजेवर घरची बॅटरी बेताने भरणारं यंत्र) साधारण ४०० वॅट, पाच तासांच्या प्रवासात दोन युनिट. दोन्ही मिळून पाच. साडेसहा रोज भरून येत नाहीत. म्हणून नियम असा ठेवा: जिथे प्लग मिळेल तिथे एसी, जिथे नाही तिथे छतावरचा एग्झॉस्ट पंखा आणि खिडक्यांना जाळ्या. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यावर रिसॉर्ट आणि कृषी पर्यटन केंद्रांना हा प्रकार माहीत झाला आहे. बुकिंग करतानाच ‘रात्रभर १६ अँपिअरचा पॉइंट मिळेल का’ असं स्पष्ट विचारा. नुसतं ‘लाइट आहे’ म्हणतात आणि तिथे गेल्यावर ओसरीवरचा पाच अँपिअरचा प्लग दाखवतात. सोबत २.५ स्क्वेअर मिलिमीटरची वीस मीटर तीन-कोरची केबल, आणि सॉकेटला अर्थिंग आहे का हे दाखवणारा छोटा टेस्टर ठेवा. गाडीत येणाऱ्या वायरवर सगळ्यात आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. पावसात ओल्या पायांनी लोखंडी पायरीवर चढणारी मुलं आहेत, इथे तडजोड नको.

बिल्डरला तीन प्रश्न विचारा. लिथियम बॅटरी अल्टरनेटरला (इंजिनावर वीज तयार करणाऱ्या यंत्राला) थेट जोडलीय की डीसी-डीसी चार्जरमधून? थेट असेल तर बॅटरी इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळतो. बॅटरीचा मुख्य फ्यूज बॅटरीपासून किती लांब आहे? वीतभर अंतरात हवा. फ्यूज दूर असेल तर मधली वायर घासून शॉर्ट झाली की फ्यूजचा काही उपयोग नाही. आणि इन्व्हर्टर १२ व्होल्टचा की २४ चा? दोन हजार वॅटला १२ व्होल्टवर जवळपास १८० अँपिअर लागतात. त्या करंटला अंगठ्याएवढी जाड केबल लागते आणि केबलच्या टोकाचा एखादा लग (जोडणीचं कडं) सैल राहिला तरी तो लाल होतो. २४ व्होल्टवर करंट निम्मा.

एसी घरगुती स्प्लिट असेल तर आउटडोअर युनिटपासून येणाऱ्या तांब्याच्या नळ्या नीट पाहा. गाडी हादरते, आणि नळी सरळ ताणून जोडली असेल तर फ्लेअर नट (नळी जोडणारा नट) जिथे बसतो नेमक्या त्या कडेला ती चिरते आणि दोन-तीन सहलींत गॅस निघून जातो. नटाभोवती तेलकट काळपट डाग दिसला, त्यावर धूळ चिकटलेली दिसली, तर गळती सुरू झालेली आहे. चांगला कारागीर युनिटच्या आधी नळीला एक पूर्ण वेटोळं देतो आणि दर फूटभर रबर लावून क्लॅम्प करतो.

गॅस थोडक्यात: एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की फरशीवर साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतून पूर्ण बंद आणि खाली बाहेरच्या बाजूला जाळी असलेला हवा. गॅसचा अलार्म फरशीपासून वीतभर उंचीवर, धुराचा छताला. पाच किलोचा एकच सिलिंडर बास. चालत्या गाडीत तो बंद. शेगडी पेटलेली असताना छताची खिडकी उघडी ठेवायची.

सहा जणांचं टॉयलेट ही तुमची खरी गरज आहे, तर ते नीट समजून घ्या. कॅसेट साधारण १८ ते २० लिटरची असते. माणशी दिवसाला फ्लशसकट अडीच लिटर धरले तर सहा जणांत ती सव्वा दिवसात भरते. एक जादा कॅसेट विकत घ्या, म्हणजे दोन रात्री निभतात. ती नाल्यात, खाडीत, समुद्रावर रिकामी करायची नाही. मुक्कामाच्या ठिकाणच्या शौचालयात, मालकाला विचारून, सावकाश ओता. गावात सेप्टिक टँक असतो, त्यातले जिवाणू मारणारं फॉर्मलिनचं रसायन वापरू नका, एन्झाइमचं घ्या.

झोपायच्या जागा सहा आणि पट्टे (सीटबेल्ट) असलेल्या सीटा चार, असं बऱ्याच गाड्यांत निघतं. धावत्या गाडीत बेडवर कोणी झोपायचं नाही, मुलं तर अजिबात नाहीत. प्रमाणपत्रात सहा सीट हव्यात. सोफ्याखाली वाकून पाहा, पट्ट्याचा बोल्ट चेसिसला किंवा फरशीच्या पत्र्याखालच्या जाड प्लेटला आहे की नुसत्या प्लायला. प्लायला असेल तर तो पट्टा फक्त दिसायला आहे.

सेकंडहँड घ्यायची वेळ आली तर पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात पाहा. ठाण्याच्या पावसात छत गळत असेल तर तेव्हा ते लपत नाही. तरी मालकाच्या परवानगीने पाइप लावून छतावर वीस मिनिटं पाणी सोडा आणि आत टॉर्च घेऊन बसा. एसीच्या गॅस्केटखाली, सोलरच्या स्क्रूंच्या रेषेत, खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत आणि मागच्या दिव्यांच्या आतल्या बाजूला पाहा. कपाटाच्या तळाची प्लाय नखाने दाबली आणि आत गेली, तर भिंतीच्या आत कुजलेलं असणार. नवी बांधून घेताना प्लाय आयएस ७१० ची, म्हणजे बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) ग्रेडची, असं कोटेशनमध्ये लिहून घ्या. एमआर, म्हणजे फक्त ओलीपुरती टिकणारी ग्रेड, आपल्या हवेत टिकत नाही. टायरवरचा शेवटचा चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. अशा गाड्या कमी चालतात, त्यामुळे नक्षी भरपूर आणि रबर म्हातारं असं असतं. सहा वर्षांवरचे टायर बदलायचा खर्च किमतीतून कमी करून मागा.

उभी करायची जागा गाडी बुक करण्यापूर्वी ठरवा. इमारतीतली एका कारची जागा साधारण २.५ बाय ५ मीटर, तिथे सात मीटरची गाडी कमिटीने मन मोठं केलं तरी मावत नाही, आणि स्टॅक पार्किंगचा विचारच नको. काल्हेर-कशेळी भागातल्या गोदामांच्या आवारात किंवा तळोजा एमआयडीसीकडे महिन्याच्या भाड्याने जागा मिळू शकते. काल्हेर तुम्हाला जवळ. जागा उंचावर हवी, पावसात पाणी तुंबणारी नको, आणि बॅटरी चार्ज ठेवायला एक प्लग हवा. उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून उभ्या गाडीत बिस्किटाचा तुकडाही राहू देऊ नका. पंधरवड्यातून एकदा अर्धा तास चालवून आणा, नुसतं इंजिन चालू करून बंद करू नका. तेवढं जायला वेळ नसेल तर गाडी घेण्याचा पुन्हा विचार करा.

टोकन देण्याआधी याच आकाराची गाडी तीन रात्रींसाठी भाड्याने घ्या. ठाण्याहून कल्याण, मुरबाड, माळशेजमार्गे जुन्नर आणि परत. घाट चढ-उतार, एक रात्र प्लगवर, एक रात्र प्लगशिवाय. आणि एकदा संध्याकाळच्या गर्दीत गायमुखच्या चढाला नेऊन बघा, हाफ क्लचवर तुमचा डावा पाय किती टिकतो ते कळेल. गाडी मिस्टर आणि तुम्ही, दोघांनीही चालवा.

आणि बिल्डरकडे मापं द्यायला सासूबाईंना बरोबर न्या. पहिली पायरी जमिनीपासून वीस-बावीस सेंटिमीटरपेक्षा उंच नको, दाराच्या दोन्ही बाजूंना धरायला दांडे हवेत. त्यांचा बेड खालचा, कायमचा, रोज उघडायचा-मिटायचा नको, आणि उंची त्यांच्या घरच्या पलंगाएवढी. ती उंची घरून टेपने मोजून घेऊन जा. बेडपासून टॉयलेटच्या दारापर्यंत हाताला सलग आधार लागेल असं बघा, वाटेत पायाशी मंद दिवा, आणि टॉयलेटचं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं किंवा सरकणारं. त्यांना तिथेच एकदा बेडवर आडवं व्हायला सांगा, मग उठून टॉयलेटपर्यंत जाऊन परत यायला सांगा. त्यांचा हात वाटेत जिथे जिथे आधार शोधेल, तिथे खडूने खूण करून घ्या आणि दांडा तिथेच बसवायला सांगा.